पोप राजीनामा का देतात? (एका बँकवाल्याची शंका)

रोखपाल:

नमस्कार मंडळी. मी एका सरकारी बँकेत २९ वर्षं नोकरी केली, त्यातली पहिली ११ कॅशच्या खिडकीत. २००१ साली व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती, घेतली. हे आधीच सांगून ठेवतो, पुढे लागणार आहे.

गेल्या रविवारी पुतण्याने कायप्पावर एक व्हिडिओ ढकलला. मागे लढाईला निघाल्यासारखं संगीत. म्हणणं असं, की सोळावे बेनेडिक्ट यांनी २०१३ मध्ये पोपपद सोडलं ते वयामुळे नाहीच. व्हॅटिकनला म्हणे 'स्विफ्ट'मधून, म्हणजे देशोदेशीच्या बँकांना जोडणाऱ्या निरोपांच्या जाळ्यातून, काढून टाकलं होतं, पैशाचे सगळे व्यवहार ठप्प झाले होते, आणि पोपांनी 'मी जातो' म्हटल्याच्या दुसऱ्या दिवशी सगळं सुरळीत. खाली लोकांनी 'अखेर सत्य बाहेर आलं' म्हणून हात जोडलेत.

आता स्विफ्ट म्हणजे काय हे पुतण्याने मला शिकवू नये. म्हणून जरा वाचून काढलं. बंद पडली होती ती कार्डाची मशिनं. व्हॅटिकनच्या म्युझियममध्ये तिकिटाला वगैरे कार्ड चालायचं, ती यंत्रणा एका जर्मन बँकेची इटलीतली उपकंपनी सांभाळायची. काळ्या पैशाला आळा घालणारे नियम व्हॅटिकनमध्ये पुरेसे नाहीत, असं म्हणून बँक ऑफ इटलीने त्या कंपनीला परवानगी दिली नाही. १ जानेवारी २०१३ पासून कार्ड बंद, रोख आणा. एका स्विस कंपनीने मशिनं पुन्हा चालू केली ती १२ फेब्रुवारीला. बेनेडिक्ट यांची घोषणा ११ फेब्रुवारीची. म्हणजे तारखा लागोपाठच्या आहेत हे खरं, बाकी सगळी फोडणी. नव्या कंपनीशी करार करून मशिनं बसवणं एका रात्रीत होत नाही, हे कुठल्याही शाखेतला शिपाईसुद्धा सांगेल. आमच्या शाखेची लाइन एकदा तीन दिवस बंद होती. मॅनेजरने राजीनामा दिला नव्हता, फक्त आमच्यावर ओरडला होता.

व्हिडिओ निकालात निघाला, पण मी दोन ठिकाणी अडकलो.

एक म्हणजे, पोप राजीनामा देतात तो कोणाला? माझा अर्ज शाखेतून रिजनलला, तिथून झोनलला गेला, आणि 'मंजूर' असं पत्र हातात पडेपर्यंत मी रोज सही करून खुर्चीत बसत होतो. पोपांच्या वर कोणतं झोनल ऑफिस?

दुसरं, असं पद माणूस सोडतो कशाला? मी व्हीआरएस घेतली तेव्हा आमच्या सोसायटीत दोन वर्षं कुजबुज चालली होती की याच्यामागे चौकशी लागली असणार. कुणी म्हणे कॅशमध्ये तूट आली. खरं कारण मी फक्त हिला सांगितलं होतं, आणि ते कुणाला पटण्यासारखं नव्हतं. सकाळी डबा घेऊन जिना उतरावासाच वाटेनासा झाला होता. बस, एवढंच.

तर पोपांच्या बाबतीत मी काय धरून चालू? जाणकारांनी सांगावं. ख्रिस्ती मंडळी इथे असतील तर उत्तमच. कुणाच्या श्रद्धेला धक्का लावायचा हेतू नाही.

सुकेळी:

रोखपालसाहेब, मी वसईचा, कॅथलिक. तरुणपणी सहा वर्षं सेमिनरीत होतो, फादर व्हायचं होतं, झालो नाही. शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालो. सेमिनरीतलं लॅटिन तेवढं अंगाला चिकटून राहिलं.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: कोणालाच नाही. चर्चचा जो कायदा आहे, १९८३ चा, त्याच्या ३३२ व्या कलमात लिहून ठेवलंय. पोपांनी पद सोडायचं तर ते स्वखुशीने सोडलेलं असावं आणि रीतसर जाहीर केलेलं असावं. कोणी ते मंजूर करण्याची गरज नाही, हेही तिथेच स्पष्ट म्हटलंय. बिशपांचं मात्र तुमच्यासारखंच. वयाची ७५ पूर्ण झाली की राजीनामा रोमला पाठवायचा आणि वाट बघायची. मुंबईचे कार्डिनल (कार्डिनल म्हणजे पोप निवडणारे ज्येष्ठ धर्मगुरू) ऑस्वल्ड ग्रेशियस ७५ नंतरही पाच वर्षं आर्चबिशप होते. ८० उलटल्यावर, जानेवारी २०२५ मध्ये, त्यांचा राजीनामा स्वीकारला गेला. त्यांच्या फायलीला टेबल होतं. पोपांच्या फायलीला टेबलच नाही.

दुसऱ्या प्रश्नाला जरा ऐसपैस बसावं लागेल.

११ फेब्रुवारी २०१३, सोमवार, लूर्द मातेचा सण. व्हॅटिकनमध्ये कार्डिनलांची बैठक होती, काही जणांना संतपद कधी द्यायचं ती तारीख जाहीर करायला. ओत्रांतो गावचे १४८० साली तुर्कांच्या हातून मेलेले आठशे हुतात्मे, शिवाय कोलंबियाची एक सिस्टर आणि मेक्सिकोची एक. असल्या बैठका कंटाळवाण्या असतात. पत्रकार चहा पीत टीव्हीवर एक डोळा ठेवतात. तारीख जाहीर झाली, आता उठायचं, तेवढ्यात पोप बसल्या जागेवरून लॅटिनमधला एक कागद वाचू लागले. इटलीच्या आन्सा वृत्तसंस्थेच्या जोव्हान्ना किर्री यांना लॅटिन कळत होतं. त्यांनी बातमी सोडली तेव्हा आपल्याकडे दुपारचे सव्वाचार वाजले होते. मला आयुष्यभर लोकांनी विचारलं, लॅटिन शिकून काय करणार, केळी विकणार? त्या दिवशी एका बाईने त्या लॅटिनवर जगातली सगळ्यात मोठी बातमी दिली. मला उगीचच छाती फुगवून फिरावंसं वाटलं.

त्या कागदात कारण स्वच्छ दिलेलं आहे. 'इन्ग्राव्हेशेन्ते एताते'. यातला 'ग्राविस' म्हणजे जड. आपला लघु-गुरूमधला 'गुरू' त्याचाच चुलतभाऊ. म्हणजे वय नुसतं वाढत नाही, जड होत जातं. 'वृद्धापकाळामुळे' असं भाषांतर सगळ्यांनी केलं, पण आपल्याकडे त्याला हुबेहूब शब्द आहे: वयोभार. पुढे म्हटलंय की हे काम करायला शरीराचं आणि मनाचं जे बळ लागतं ते गेल्या काही महिन्यांत इतकं कमी झालंय, की माझ्यावर सोपवलेलं काम मला नीट पेलणार नाही. तेव्हा ते ८५ वर्षांचे होते. निवडून आले तेव्हाच ७८ चे.

त्याच संध्याकाळी सेंट पीटरच्या घुमटावर वीज पडली आणि तिचा फोटो जगभर फिरला. एकदा वीज पडल्यावर वयोभार कोण ऐकतो?

आमच्या घरी आईने टीव्ही बंद केला. ती तेव्हा ७८ ची. म्हणाली, "बाप कधी राजीनामा देतो का?" पोप म्हणजे 'पापा', बाप, हे तिच्या डोक्यात पक्कं. आणि ती एकटी नव्हती. आधीचे जॉन पॉल दुसरे पार्किन्सनने थरथरत शेवटपर्यंत राहिले होते. २००५ च्या ईस्टरला खिडकीत आले, माइक पुढे धरला, तोंडातून शब्द फुटला नाही. पुढच्या शनिवारी गेले. लोकांना वाटायचं, क्रुसावरून कोणी खाली उतरत नसतो. पण ते सगळं जवळून बघणारा माणूस कोण होता? हेच रत्झिंगर, म्हणजे पुढचे बेनेडिक्ट. २३ वर्षं त्यांच्या हाताखाली काढलेली. आजारी बापाच्या नावाने घर कोण चालवतं, हे घरातल्याच माणसाला माहीत असतं.

खडूस:

सुकेळीसरांचं लॅटिन गोड आहे, पण खडा तोंडात येतोच.

वयोभार म्हणे! पद सोडल्यावर गृहस्थ जवळजवळ दहा वर्षं जगले. पोप होते त्यापेक्षा जास्त काळ माजी पोप होते. ३१ डिसेंबर २०२२ ला गेले, ९५ व्या वर्षी. इतका थकलेला माणूस?

आणि २०१२ साल विसरायचं का? पोपांचा खाजगी सेवक पाओलो गाब्रिएले त्यांच्याच टेबलावरचे कागद पळवून पत्रकाराला देत होता, मे महिन्यात पकडला गेला. त्याच आठवड्यात व्हॅटिकन बँकेच्या अध्यक्षाला संचालक मंडळाने अविश्वास दाखवून घरी पाठवलं. ऐंशी पार केलेल्या तीन कार्डिनलांची चौकशी समिती बसली. त्यांनी अहवाल पोपांच्या हातात दिला १७ डिसेंबरला. दोन महिन्यांत राजीनामा. मार्चमध्ये नवे पोप फ्रान्सिस भेटायला गेले, तर फोटोत दोघांच्या मधल्या टेबलावर भलंमोठं पांढरं खोकं. त्यात काय पेढे होते?

म्युनिकचं तर मी बोलतच नाही.

सुकेळी:

@खडूस, पेढे नव्हते. फ्रान्सिस यांनी पुढे आपल्या आत्मचरित्रात स्वतः सांगितलंय की त्या खोक्यात सगळी अवघड प्रकरणं होती, अत्याचाराची, भ्रष्टाचाराची. 'मी इथवर आणलं, आता तुझी पाळी', अशा अर्थाचं बेनेडिक्ट त्यांना म्हणाले. घाण नव्हती असं मी म्हणत नाही. आमच्याच लोकांनी ती फार वर्षं झाकली. म्युनिकचा अहवाल जानेवारी २०२२ चा, ते तिथे आर्चबिशप असतानाच्या चार प्रकरणांत त्यांच्यावर ठपका आहे. शिवाय १९८० च्या एका बैठकीला आपण नव्हतो असं त्यांनी आधी लिहून दिलं आणि मग होतो म्हणून दुरुस्त केलं. त्याची मला लाज वाटते. पण तो अहवाल राजीनाम्यानंतर नऊ वर्षांनी आला, तो राजीनाम्याचं कारण कसा होईल?

आता सेवकाचं. पेटर झेवाल्ड नावाच्या जर्मन पत्रकाराला बेनेडिक्ट यांनी २०१० मध्ये मुलाखत दिली होती, तिचं पुस्तक आहे. त्यात ते सांगून बसलेत की शरीराने, मनाने काम होत नसेल तर पोपला पद सोडण्याचा हक्क आहे, प्रसंगी ते कर्तव्यच आहे. मात्र संकट अंगावर आलेलं असताना पळून जायचं नाही. वातावरण शांत झाल्यावर जायचं. हा नियम २०१० चा, कागदांची चोरी उघड व्हायच्या आधीचा. मग तारखा बघा. सेवकावर खटला चालला, ऑक्टोबरमध्ये दीड वर्षाची शिक्षा झाली. २२ डिसेंबरला पोप स्वतः तुरुंगात जाऊन त्याला भेटले, माफ केलं. ते प्रकरण मिटल्यावर, फेब्रुवारीत, घोषणा. तुम्ही त्याच तारखा 'प्रकरणामुळे गेले' अशा वाचता, मी 'प्रकरण संपेपर्यंत थांबले' अशा वाचतो. माझ्या बाजूला त्यांचा आधीचा शब्द आहे, तुमच्या बाजूला खोक्याचा फोटो.

रात्रपाळी:

मी नर्स. २२ वर्षं, बहुतेक मेडिसिन वॉर्ड, आता नाशिकला. धर्मातलं कळत नाही. पण @खडूस यांच्या 'दहा वर्षं जगले, मग थकले कसे' याला उत्तर द्यायलाच हवं.

बेनेडिक्ट वारले त्याच्या नऊ आठवडे आधी त्यांनी वर आलेल्या त्याच झेवाल्डना एक पत्र लिहिलं होतं, ते २०२३ च्या जानेवारीत एका जर्मन साप्ताहिकात आलं. त्यात राजीनाम्याचं मुख्य कारण दिलंय: झोप. ऑगस्ट २००५ मध्ये जर्मनीत कोलोनला तरुणांचा जागतिक मेळावा झाला, तेव्हापासून रात्रीची झोप गेली ती गेलीच. म्हणजे पोप झाल्यावर चार महिन्यांतच. डॉक्टरांनी जोरदार औषधं दिली. आधी लागू पडली, मग पडेनाशी झाली. मार्च २०१२ मध्ये मेक्सिकोला गेले, पहिल्याच रात्रीनंतर सकाळी बघतात तर रुमाल रक्ताने भिजलेला. बाथरूममध्ये कुठेतरी आपटून पडले होते, आणि पडल्याचं त्यांना आठवतही नव्हतं.

हे वाचल्यावर माझ्यापुढे आमचा वॉर्ड उभा राहिला. झोपेची गोळी, म्हातारा माणूस, पहाटे तीनला लघवीला उठणं, अनोळखी बाथरूम. याच्यापुढे काय होतं हे मी डोळे मिटून लिहू शकते. घरची माणसं सकाळी येऊन विचारतात, "सिस्टर, डोक्याला काय लागलं?" आणि आजोबा म्हणतात, "कुठे काय?"

त्यानंतर नव्या डॉक्टरांनी गोळ्या कमी केल्या आणि सांगितलं की परदेशात यापुढे फक्त सकाळचे कार्यक्रम घ्यायचे. २०१३ च्या जुलैमध्ये ब्राझीलला, रिओला, तसाच मेळावा होता. सकाळपुरता पोप तिथे कसा चालणार? म्हणून त्याआधी नवा माणूस यायला हवा, असा त्यांचा हिशेब. पेसमेकर होता तो वेगळाच. त्याची बॅटरी राजीनाम्याच्या काही महिने आधी बदलली होती, हे घोषणेनंतर कळलं.

आणि पद सोडून माणूस दहा वर्षं जगतो यात मला काहीच नवल वाटत नाही. रात्रपाळी सुटली की माझंही आयुष्य वाढेल.

खडूस:

रात्रपाळीताई, रुमालाचं माहीत नव्हतं. खोकं मागे घेतो. फोटो ठेवतो.

मांडवीकाठ:

थोडं अवांतर, पण विषयाच्या जवळचं. मी पणजीचा. राजीनाम्याच्या अफवेचा एक हंगाम आम्ही अगदी घरात बसून अनुभवला.

२०२२ च्या मे महिन्यात बातमी आली की आमचे आर्चबिशप फिलिप नेरी फेर्रांव कार्डिनल होणार. गोव्यात आनंदीआनंद. पण सोहळ्याची तारीख २७ ऑगस्ट, आणि ऑगस्टमध्ये रोम म्हणजे चतुर्थीच्या दिवसांतलं मुंबईतलं ऑफिस, कोणी जागेवर नसतं. त्यात दुसऱ्या दिवशी, २८ ला, फ्रान्सिस लाक्विला गावी जाणार असं जाहीर झालं. मे महिन्यापासून गुडघ्यामुळे ते चाकाच्या खुर्चीत, जुलैचा काँगोचा दौरा पुढे ढकललेला. झालं! लाक्विला म्हणजे पाचव्या सेलेस्टाइनची समाधी, आणि सेलेस्टाइन म्हणजे राजीनामा दिलेला पोप. शेजारची आंटी रोज विचारी, "आमच्या बिशपांना टोपी देऊन पोप घरी चालले की काय?"

हे सेलेस्टाइन कोण? डोंगरातल्या गुहेत राहणारा तपस्वी, ऐंशीच्या घरातला. पोप कोणाला करायचं यावर कार्डिनलांचं दोन वर्षं जमेना, तेव्हा १२९४ च्या जुलैमध्ये याला धरून आणला. त्याला कारभारातलं काही कळेना. पोपला पद सोडता येतं असा आदेश त्याने स्वतःच काढला आणि १३ डिसेंबरला सोडलं. पण सुटका कुठची? मागून आलेल्या आठव्या बोनिफेसला धास्ती, की म्हाताऱ्याला पुढे करून कोणी दुसरी गादी मांडेल. त्याने सेलेस्टाइनला फुमोनेच्या किल्ल्यात डांबून ठेवला, तिथेच तो १२९६ मध्ये मेला. दान्तेने ज्याला 'मोठा नकार' देणारा भेकड म्हणून नरकाच्या दाराशी उभा केलाय तो हाच, असं बहुतेक लोक मानतात.

गंमत म्हणजे बेनेडिक्ट २००९ च्या एप्रिलमध्ये, लाक्विलाला भूकंप झाल्यावर, तिथे गेले होते आणि आपल्या खांद्यावरचं पॅलियम, म्हणजे ती लोकरीची पट्टी, त्यांनी सेलेस्टाइनच्या समाधीवर ठेवली होती. तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही. चार वर्षांनी सगळ्यांनी कपाळावर हात मारला. म्हणून २०२२ मध्ये लोक आधीच हात कपाळाजवळ घेऊन बसले.

आणि झालं काय? फ्रान्सिस गेले. धुक्यामुळे हेलिकॉप्टर उतरेना, मग पायलटला धुक्यात एक भोक दिसलं, त्यातून उतरले. ते भोक त्यांना एवढं आवडलं की भाषणात सांगितलं. म्हणाले, सेलेस्टाइन हा नकाराचा नव्हे, होकाराचा माणूस. आणि संध्याकाळ व्हायच्या आत परत रोमला. एका मुलाखतीत म्हणून झालं होतंच की राजीनामा डोक्यात आलेला नाही. पुढच्या वर्षी काँगोला गेले तेव्हा तिथल्या जेझुइट पंथाच्या फादरांना सांगितलं की पोपपद जन्मभराचं असतं. त्याआधी डिसेंबरात मात्र त्यांनीच सांगून टाकलं होतं, की २०१३ मध्ये मी सही करून एक पत्र कार्डिनल बेर्तोने यांच्याकडे देऊन ठेवलंय, आजारपणाने मी कामाचा राहिलो नाही तर वापरायला. २०२५ मध्ये ३८ दिवस इस्पितळात होते तेव्हा पुन्हा सगळे त्या पत्राची वाट बघत बसले. ते घरी आले आणि ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, पोप असतानाच, गेले.

म्हणजे ज्याने गुपचूप पट्टी ठेवली तो गेला, आणि ज्याच्याकडे सगळे डोळे लावून बसले तो राहिला. अफवा काढणाऱ्यांचा नेम दोन्ही वेळा चुकला.

रोखपाल:

सगळ्यांचे आभार. रात्रपाळीताई, तुमचा प्रतिसाद मी हिला वाचून दाखवला. ती म्हणाली, "बघा, तुम्हालाही झोप यायची नाही तेव्हा." मी विसरलो होतो. खरंच यायची नाही.

पुतण्याला धागा पाठवला. त्याने उत्तरादाखल दुसरा व्हिडिओ पाठवला, १९ मिनिटांचा. आता म्हणणं असं की बेनेडिक्ट यांनी राजीनामा दिलाच नव्हता! कागदात मुद्दाम चुकीचा शब्द घातला, आणि २०२२ पर्यंत खरे पोप तेच. पांढरा झगाही म्हणून सोडला नाही. सुकेळीसर, हे काय आहे?

सुकेळी:

साहेब, हे सरकारी नोकरीतल्या माणसाला चटकन कळेल. लॅटिनमध्ये दोन शब्द आहेत, 'मुनुस' आणि 'मिनिस्तेरिउम'. मराठीत आणायचे तर पद आणि कार्यभार. कायद्याच्या कलमात पोप 'मुनुस' सोडतात असं आहे. बेनेडिक्ट यांनी जे वाचलं त्यात 'मिनिस्तेरिउम' सोडतो असं आहे. झालं, वकील मंडळींना तेवढं पुरे. यांचं म्हणणं, साहेबांनी कार्यभार सोडला, पद कुठे सोडलं? आपल्याकडे एखादा बदली झालेला अधिकारी कार्यभार द्यायला तयार नसतो तेव्हा असला काथ्याकूट होतो. त्यात त्या मजकुरात व्याकरणाच्या एक-दोन चुकाही होत्या, व्हॅटिकनने मागाहून दुरुस्त केल्या. मग काय, चुका म्हणजे सांकेतिक निरोप! सेमिनरीत असताना माझ्या वह्या लाल शाईने भरलेल्या असायच्या. त्या जपून ठेवल्या असत्या तर मीही कुठला तरी पोप निघालो असतो.

पण त्याच कागदात लगेच पुढे म्हटलंय: २८ फेब्रुवारीला रात्री आठपासून पेत्राची, म्हणजे पोपांची, गादी रिकामी असेल आणि नवा पोप निवडायला कार्डिनलांची सभा बोलवावी लागेल. गादी रिकामी असेल असं जो लिहितो तो गादीवर बसून राहिला, हे कोणत्या व्याकरणात बसतं? शिवाय २०१४ मध्ये त्यांनाच एका इटालियन पत्रकाराने विचारलं. त्यांनी उत्तर लिहिलं की राजीनाम्याच्या वैधतेबद्दलच्या शंका शुद्ध मूर्खपणाच्या आहेत, आणि पांढरा झगा का, तर त्या वेळी दुसरे कपडे नव्हते म्हणून.

हा कपड्यांचा खुलासा मला फार आवडतो. आईला तर तो वाचून दाखवल्यावर पहिल्यांदा हसू आलं.

आईचं राहिलंच. तिने बेनेडिक्ट यांना बरेच दिवस माफ केलं नव्हतं. झोपेचं पत्र आलं तेव्हा ती ८८ ची. मी वाचून दाखवलं, कोलोन, गोळ्या, रुमाल, सगळं. ती गप्प बसली आणि मग चिडली. म्हणाली, "मग तेव्हाच सांगायचं ना! झोप लागत नाही म्हटलं असतं तर कोण काही बोललं असतं?" आता तिला काय सांगू? जगभरच्या कार्डिनलांसमोर, लॅटिनमध्ये, पोपांनी म्हणायचं की मला रात्री झोप लागत नाही? रोखपालसाहेब, तुम्ही तरी झोनल ऑफिसला जिन्याचं लिहिलं होतंत का?

तरी तिची एक गोष्ट सांगतो. आमच्या मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, फादर रोज पोपांचं नाव घेऊन प्रार्थना करतात, आणि पाठोपाठ बिशपांचं. गादी रिकामी असली की पोपांचं नाव गाळायचं. रोमचे रात्रीचे आठ म्हणजे आपले साडेबारा. १ मार्च २०१३, उपवासकाळातला शुक्रवार, सकाळची मिस्सा. फादर सवयीने "आमचे पोप" म्हणाले आणि थांबले. बोटाने पुस्तकातली ओळ शोधली आणि मग सरळ बिशपांच्या नावावर गेले. त्या थांबण्यात आई माझ्या शेजारी हलकेच "बेनेडिक्ट" म्हणाली. अठरा दिवस त्यांच्यावर रागावलेली बाई.

रोखपाल:

मी मेडिकल कारण असं लिहिलं होतं. जिना नव्हता लिहिला.

एक शेवटचं, कॅशवाल्याचं कुतूहल. पोपांच्या हातात शिक्क्याची अंगठी असते ना? पोप वारले की ती फोडतात असं ऐकलंय, म्हणजे मागे कोणी खोटा शिक्का मारू नये. इथे तर माणूस जिवंत. मग अंगठीचं काय केलं?

सुकेळी:

फोडली नाही. तिच्यावर क्रुसासारख्या दोन आडव्या-उभ्या खोल रेघा मारून ती निकामी केली.

रोखपाल:

म्हणजे कॅन्सल्ड चेक. आम्हीही दोन रेघाच मारायचो.